फुलदाणीच्या बुडावरची अक्षरं

रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की आमच्या दाराशी कुणीतरी जुन्या साडीत काहीतरी गुंडाळून उभं असायचं. अंबरनाथ पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचा ब्लॉक. सुनेत्रा, म्हणजे आमची सौभाग्यवती, दार उघडायची आणि आत येऊन सांगायची, "अहो, उठा. तुमचं आणखी एक मडकं आलंय." ती सगळ्याच फुलदाण्यांना मडकं म्हणते. बावीस वर्षांच्या संसारात तिचं हे एकच मत मला पूर्णपणे पटलेलं आहे.

मी, श्यामकांत गुप्ते, एमआयडीसीतल्या एका कपबशांच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो. मातीत काय काय आहे, झिलई किती आचेला वितळते, भट्टीतून माल तडकून का आला, हे बघणं माझं काम. फुलदाण्यांचं शास्त्र माझ्या गळ्यात पडलं ते आमच्या म्हाताऱ्या शेठजींमुळे. त्यांना जुन्या चिनी आणि जपानी फुलदाण्यांचा नाद होता. अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी त्यांच्या बंगल्यावर जाऊन मी त्या धुतल्या, पुसल्या, त्यांच्या याद्या केल्या, शेठजींची जाडजूड पुस्तकं वाचली, आणि कुठली वस्तू कधीची नि कुठली हे ओळखायला शिकलो. शेठजी गेले. मुलांनी सगळा संग्रह विकला. माझ्याकडे ते ओळखणं तेवढं उरलं. पुढे कुणाच्या तरी घरी मी एक खरीखुरी जुनी फुलदाणी ओळखली, आणि उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत बातमी पसरली. तेव्हापासून माझा रविवार गेला तो गेलाच.

लोकांना वाटायचं मी काहीतरी जादू करतो. प्रत्यक्षात मी लोकांना 'नाही' म्हणायचो. नाही हो, ही चिनी नाही. नाही, हे चित्र हाताने काढलेलं नाही, भिंगातून बघा, छापील ठिपके दिसतात. नाही, तुमच्या पणजोबांनी ही रंगूनहून आणलेली नाही, कारण बुडाला साच्याची शिवण आहे. मग समोरच्या माणसाचा चेहरा पडायचा. चहा यायचा. तो मुकाट्याने प्यायचा आणि फुलदाणी पुन्हा साडीत गुंडाळून, माझ्यावर मनातून चिडून, जिना उतरायचा. अशी माणसं बघून बघून मी शिणून गेलो होतो. कारखान्यात सहा दिवस तडकलेला माल, आणि सातव्या दिवशी हे.

पद्धत माझी साधी होती. लोक फुलदाणीचं तोंड बघतात, मी आधी ती उलटी करतो. बुडाचं जे कडं टेबलावर टेकतं त्याच्यावर झिलई नसते. कोरी माती असते. शंभर वर्षं ती फडताळात, माजघरात, देवघरात टेकलेली असली की धूळ आणि तेलकटपणा तिच्या कणाकणात शिरतो आणि कडं तपकिरी पडतं. मग रंग बघायचे. लाल, हिरवा, सोनेरी हे रंग झिलईवर मागाहून चढवलेले असतात. ते झिजतात, पण जिथे हात लागतो तिथे. पोटाशी झिजतात, ओठाशी झिजतात, मानेखालच्या खाचेत ताजेच राहतात. त्यानंतर बॅटरी आत मारून बघायचं, चाकावर ओढल्याच्या रेघा आहेत की नाहीत. बुडावरची अक्षरं सगळ्यात शेवटी. अक्षरं कुणीही लिहू शकतो.

खोट्या जुनेपणाचं शिक्षण मला उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये मिळालं. तिथे लेखराज नावाचा सिंधी व्यापारी होता. जुन्या वस्तूंचं दुकान पुढे, आणि मागे गाळा. माझ्यावर त्याचा जीव होता, कारण मी त्याची चुगली कुणाकडे करत नव्हतो आणि त्याच्या मालाला खरा म्हणतही नव्हतो. एकदा त्याने मला मागच्या गाळ्यात नेलं. नव्याकोऱ्या फुलदाण्यांची रांग मांडलेली, आणि एक कारागीर फडक्याने त्यांच्यावर बाथरूम घासायचं ॲसिड फिरवत बसलेला. "देखो गुप्ते साब," लेखराज म्हणाला, "कल का बच्चा, आज सौ साल का बुढ्ढा. बघा ना, कलर कसा उतरला!" रंग उतरला होता खरा, पण सगळीकडे सारखाच. पोटावर तेवढाच आणि मानेखालच्या खाचेत तेवढाच. हात असा झिजवत नाही. ॲसिडला खाचखळगा कळत नाही. ते मी मनात पक्कं करून ठेवलं, आणि त्यानंतर ॲसिड लागलेला माल मला दुरूनसुद्धा ओळखू यायला लागला. या गोष्टीचा मला, खोटं कशाला बोलू, बराच गर्व होता.

आता सुदामची गोष्ट.

सुदाम आमच्या कारखान्यात भट्टीवर होता. राहायला बदलापूरला. कामाला चोख, बोलायला कमी. एकोणनव्वद सालच्या जानेवारीत तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, एक पर्सनल काम होतं. आमच्या आबांची एक फुलदाणी आहे. जपानची."

मी मान वर न करता म्हणालो, "असेल."

"आबा स्वतः गेलेले जपानला."

तेव्हा मात्र मी मान वर केली. त्याने सांगितलं ते असं. त्याचे वडील हिरामण दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी लष्करी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागले होते, आणि लढाई संपल्यावर त्यांची तुकडी जपानला गेली होती. दीड वर्ष होते तिथे. कागदपत्रं होती ती एका पुरात घरासकट गेली. बदलापुरात त्यांना सगळे 'जपानी' म्हणायचे, पण ते चिडवायला. या वर्षी चौदा एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, विहारात जुन्या लष्करातल्या माणसांचा सत्कार करायचं ठरलं होतं. यादीत हिरामणचं नाव आलं तेव्हा कमिटीचा सेक्रेटरी कमळाकर म्हणाला, काही पुरावा आहे का?

"पुरावा म्हणजे ती फुलदाणीच साहेब," सुदाम म्हणाला. "सत्काराचं एवढं काही नाही. पण आबांना लय लागलंय. म्हणतात, बाकी कायपण म्हणा, मला खोटारडा नका म्हणू. तुम्ही एकदा येऊन बघा ना. तुम्ही बोललात की कोण काय बोलणार नाही."

तीनदा मी टाळलं. चौथ्यांदा फेब्रुवारीतल्या एका रविवारी येतो म्हणालो.

त्या दिवशी बदलापूरला मला आधीच दोन घरं करायची होती. एका वकिलाकडे एक आणि एका डॉक्टरांच्या सासऱ्यांकडे एक. दोन्हीकडे नाही म्हणून झालं. डॉक्टरांच्या सासऱ्यांनी तासभर वाद घातला आणि त्या वैतागात मी माझी बॅटरी त्यांच्याच टेबलावर विसरलो. सुदामच्या घरी पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, पोटात आग पडली होती, आणि उन्हाने डोकं दुखत होतं. हे सगळं मी माफी मागण्यासाठी सांगत नाही. झालं कसं ते सांगतो आहे.

घर दोन खोल्यांचं, इतकं स्वच्छ की चपला कुठे काढाव्यात असा प्रश्न पडावा. हिरामण इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. साठी ओलांडलेला बारीक, ताठ माणूस. मी आत शिरताच उठून उभे राहिले आणि मी बसेपर्यंत बसले नाहीत. कमळाकर आला होता, शेजारचे चारपाच जण दारात होते. भिंतीशी टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि शेजारी ती फुलदाणी, पिवळ्या शेवंतीने भरलेली. सुदामची बायको शालन हिने फुलं काढली, पाणी ओतलं, फुलदाणी कोरडी पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"बायचं नाव काय ते मला कळलं न्हाय," हिरामण सांगायला लागले. "ओकायामा गाव. दवाखान्याच्या मागं तिचं घर हुतं. पोरगा लढाईत गेल्याला. मी तिला माझ्या वाट्याची साखर देयाचो. येक दिस तिनं मला घरात बोलावलं. आत. चटईवर बसवलं, आन् तिच्याच कपातनं च्या दिला. सायेब, आमच्या गावात तवा आमाला च्या मिळायचा तो हाटेलाच्या भायेर, येगळ्या ठेवल्याल्या कपात, आन् तो कप आमीच धुवून ठेवायचा. मी एकवीस वर्साचा हुतो. कुनाच्या घरात बसून च्या पिन्याची ती माझी पयली येळ. तिच्या घरात बुद्ध हुता. आमी दीक्षा घेतली छप्पन साली, पन मी त्याला पयल्यांदा पाह्यला तो थितं."

मी ऐकत होतो, पण अर्ध्या कानाने. प्रत्येक फुलदाणीबरोबर एक गोष्ट येते. इतक्या वर्षांत मी नबाबाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, गोऱ्या साहेबाच्या ऐकल्या होत्या, बुडालेल्या जहाजाच्या ऐकल्या होत्या, आणि त्यातली एकही खरी निघाली नव्हती. गोष्ट जितकी चांगली तितका माल वाईट, असा माझा अनुभव होता. म्हणून गोष्टीकडे लक्ष द्यायचं नाही, वस्तू बघायची, हा नियमच मी करून टाकला होता.

मी फुलदाणी उलटी केली. बुडाचं कडं पांढरंशुभ्र होतं, जणू काल भट्टीतून काढलंय. भिंग लावून रंग बघितले. लाल आणि सोनेरी नक्षी, एके काळी सुरेख असावी, पण सगळी फिकी, भुरकट. पोटावर फिकी आणि मानेखालच्या खाचेत तेवढीच फिकी. मला पुढचं काही बघावंसंच वाटलं नाही. लेखराजचा मागचा गाळा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"खाली लाल अक्षरं होती साहेब," शालन हळूच म्हणाली. "आता जराशी पुसट झालीत."

"खरी अक्षरं अशी सरसकट पुसली जात नाहीत," मी म्हणालो.

आत बघायला बॅटरी हवी होती. ती माझ्याजवळ नव्हती. घरात बॅटरी आहे का, एवढं विचारलं असतं तर मिळाली असती. मी विचारलं नाही. सगळं मिळून चार मिनिटं झाली असतील. मी फुलदाणी टेबलावर ठेवली आणि रोजच्या आवाजात सांगितलं, "ही जुनी नाही. नव्या मालाला ॲसिड लावून जुना केलेला आहे. उल्हासनगरात असा पुष्कळ बनतो."

कमळाकर बिचारा वाईट माणूस नव्हता, त्याने मान खाली घातली. सुदाम माझ्याकडे बघत राहिला. हिरामण म्हणाले, "आसं व्हय?" आणि थोड्या वेळाने, "मंग अदलाबदल झाली आसंल कवातरी. का कोन जाने."

अदलाबदल कोण करणार होतं त्या घरात? पण मला भूक लागली होती. शालनने केलेला चहा मी प्यालो आणि निघालो. जिना नव्हता, तरी मी उतरल्यासारखा उतरलो, इतर सगळे माझ्याकडून उतरायचे तसा. हे मला आज आठवतं. तेव्हा मी फक्त सुटलो म्हणालो.

सुदाम पुढे त्या विषयावर एक अक्षर बोलला नाही. भट्टीवर पूर्वीसारखाच चोख काम करायचा. नमस्कार करायचा. मीही विसरलो.

मेच्या शेवटी सुनेत्राच्या माहेरची माणसं राहायला येणार होती आणि आमच्या न्हाणीघराच्या फरशीवर खाऱ्या पाण्याचे डाग चढले होते. तिने माझ्यामागे टुमणं लावलं. मी सुदामला विचारलं, आणि तो रविवारी सकाळी कॅनमधून ॲसिड घेऊन घरी आला. शेजारच्या केमिकल कंपनीत त्याचा मित्र होता. एमआयडीसीच्या आसपास राहणाऱ्या निम्म्या घरांत असा एक कॅन मोरीखाली असतोच.

"वहिनी, हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा," तो सुनेत्राला सांगत होता. "पण साफ एकदम फर्स्टक्लास होतं. आमच्याकडे शालन सगळं ह्याच्यानंच काढते. फरशी, संडास, पितळेच्या समया. साहेब आमच्याकडे यायचे होते ना, तर तिनं दोन दिवस घर घासलं. ती फुलदाणीपण घासून लख्ख केली, बुडापासून."

मी पेपर वाचत होतो. तो खाली ठेवला.

"कशाने घासली?"

"ह्याच्यानंच की. थोडं पाणी घालून."

"सुदाम," मी म्हणालो, "त्याच्याआधी तिचं बूड कसं होतं?"

"काळपट होतं. तपकिरी. लय वर्षांचा मळ तो, साध्या साबणानं जातोय थोडाच." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याच्या लक्षात यायला लागलं. त्याने कॅन जमिनीवर ठेवला.

ज्या खुणेवर मी त्या माणसाला सगळ्यांसमोर खोटा ठरवला, ती खूण माझ्याचसाठी तयार झाली होती. मी येणार नसतो तर ते कडं तपकिरीच राहिलं असतं, आणि नक्षीही शाबूत राहिली असती. मी सुदामला म्हणालो, "चल, आत्ता जाऊ. मी आबांना सांगतो माझं चुकलं म्हणून."

"आता राहू द्या साहेब." तो माझ्याकडे न बघता बोलला. "आबांनी चौदा एप्रिललाच मिटवून टाकलं सगळं. विहारात नावं वाचत होते. कमळाकरनं आबांचं नाव ठेवलं होतं यादीत, तो म्हणाला म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. तर आबा उठले आणि माईकवर जाऊन म्हणाले, माझं नाव घेऊ नका. मी जपानला गेलो नव्हतो. मी खोटं बोललो. आपण रोज पंचशील म्हणतो, खोटं बोलणार नाही म्हणतो, तर मला आता ते तोंडानं म्हणवत नाही, म्हणून सांगून टाकतो."

सुनेत्रा दारात उभी होती. तिने मला नुसतं माझ्या चपलांकडे बोट दाखवलं.

आम्ही दोघे तसेच बदलापूरला गेलो. या खेपेला बॅटरी होती, भिंग होतं, शेठजींच्या पुस्तकातली दोन पानं होती. हिरामण घरातच होते. बनियनवर बसले होते, मला बघून शर्ट शोधायला लागले. मी त्यांना हाताला धरून बसवलं. "आबा, मी त्या दिवशी चूक केली. मला पुन्हा बघू द्या."

फुलदाणी टेबलावर नव्हती. शालनने ती कपाटावरून, रिकाम्या डब्यांच्या मागून काढली.

मी बॅटरी आत मारली. मानेतून कुणाचा हात जाऊच शकत नव्हता, तेव्हा घासणंही तिथे पोचलं नव्हतं. आत चाकावर ओढलेल्या रेघा स्पष्ट होत्या, आणि त्या रेघांत मळाचे तपकिरी थर बसलेले होते. असा मळ लेखराजलाही बसवता आला नसता. मग मी ती उलटी करून खिडकीशी नेली आणि उजेड तिरपा पडेल अशी धरली. लाल रंग गेला होता, पण रंग जिथे इतकी वर्षं बसला होता तिथली झिलई आजूबाजूपेक्षा किंचित वेगळी चमकते. हळूहळू दोन अक्षरं दिसायला लागली. ती अक्षरं मी शेठजींच्या पुस्तकात शंभरदा बघितली होती. कुतानी. जपानातलं जुनं नाव, तिथे लाल-सोनेरी नक्षीचा असाच माल होतो.

मी सगळं सांगितलं. की ही सत्तरऐंशी वर्षांपूर्वीची नक्की आहे, शंभराचीही असेल. की परदेशी धाडायच्या मालावर त्या काळात बहुतेक करून इंग्रजीत देशाचं नाव घालत, आणि हिच्यावर ते नाही. म्हणजे ही तिथल्याच कुणाच्या घरात राहिलेली वस्तू असावी, दुकानातून आलेली नव्हे. की हिच्यावरून माणूस कुठे होता हे कोर्टात सिद्ध होणार नाही, पण आबांनी जे सांगितलं त्याच्याशी हिची प्रत्येक खूण जुळते. मी बोलत राहिलो. अंबरनाथच्या त्या सगळ्या रविवारांत मी कधी इतका वेळ 'हो' म्हणालो नव्हतो.

शालन भिंतीला टेकून खाली बसली. "म्हणजे मीच," ती म्हणाली.

"तुमचा काही दोष नाही. मी विचारायला हवं होतं. हिला काही लावलंय का, एवढं एक विचारलं असतं तरी कळलं असतं."

"आम्ही कधी साबणसुद्धा लावला नव्हता तिला," शालन म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "तुम्ही येणार होतात म्हणून घासली. म्हटलं, साहेब हातात घेणार. आमच्या घरातली वस्तू हातात धरताना त्यांना कसंतरी वाटायला नको."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, आणि उठून जायचा हक्क आपल्याला नाही हेही कळत होतं. मी हिरामणकडे वळलो.

ते माझ्याकडे समजूतदारपणे बघत होते. एखाद्या मुलाला ओरडून नंतर मी त्याला खाऊ द्यायला आलोय, आणि ते माझी लाज राखताहेत, असं काहीसं त्या नजरेत होतं.

"ऱ्हाऊ द्या सायेब," ते म्हणाले. "तुमी मोटी मानसं, मन चांगलं हाये तुमचं. सुदामनं सांगितलं आसंल, म्हातारा झुरतोय. म्हनून आलात."

"नाही आबा. खरंच सांगतोय. तुम्ही विहारात जे बोललात ते चुकीचं होतं. तुम्ही गेला होतात."

"मला बी तसंच वाटायचं." त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "तुमी सांगून गेलात तवा पयल्यांदा लय राग आला. म्हनलं, ह्यो कोन सांगनार? मी काय सपान पाह्यलं? मंग रोज रातीचा इचार कराया लागलो. ह्या मानसानं आख्खी हयात ह्या चीजा बघितल्या. मी येक आनाडी मानूस. दवाखान्यात तवा ताप यायचा, चारचार दिस सुद नसायची. कलकत्त्याला बी हुतो आमी, थितं बी चिनी लोक हायेत. आसंल कुटंतरी पाह्यल्यालं, कुनीतरी सांगितल्यालं, आन् माज्या डोसक्यात बसल्यालं. आन् येक गोस्ट सांगू का? आदी डोळं मिटलं की त्या बायचं तोंड दिसायचं. साफ दिसायचं. चाळीस वरीस दिसलं. तुमी येऊन गेल्यापास्नं मी आठवाया जातो, तर दिसतच न्हाय. चटई दिसती, कप दिसतो. तिचं तोंड गेलं."

सुदाम बाहेर जाऊन उभा राहिला. मी त्या म्हाताऱ्याचा हात धरला. तेच पुन्हा पुन्हा बोलत राहिलो. ओकायामा गाव खरं आहे. आपली पलटण तिथे होती हे पुस्तकात आहे. वस्तू तिथली आहे. अक्षरं तिथली आहेत. मी थकलो होतो, मी नीट बघितलं नाही, मी चुकलो. वाटलं तर मी विहारात येऊन माईकवर सांगतो. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं ठरवलं, सगळ्यांसमोर माफी मागतो.

फुलदाणी त्यांनी मांडीवर घेतली, बुडावरून बोट फिरवलं, जिथे मी अक्षरं दाखवली होती तिथे. त्यांना काही दिसत नव्हतं, तिरपा उजेड आता राहिला नव्हता.

"मंग सायेब," त्यांनी विचारलं, "मी गेलो हुतो ना?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, डॉक्टरला विचारावं तसं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. ज्या घरात त्यांना पहिल्यांदा कुणी आत बोलावलं, त्या घरात ते होते की नव्हते, हे आता मी सांगायचं होतं. मला माझी सगळी हुशारी नकोशी झाली.

"गेला होतात," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. चेहरा जरासा सैल झाला. मग दाराकडे बघून, बाहेर उभ्या असलेल्या मुलाला ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज चढवला.

"सुदाम, कमळाकरला निरोप धाड. म्हनावं, सायेब म्हनतात मी गेलो हुतो."